वाचनालयासाठी ध्वनिपुस्तक सेवेची निवड : प्रकल्प नोंदी

१२ जून २०२३

कार्यकारी मंडळाच्या ठरावाप्रमाणे ध्वनिपुस्तक उपसमितीचे काम आज सुरू झाले. ग्रंथपाल, देवघेव विभागातील सहायक, एक निवृत्त शिक्षिका आणि नोंदी ठेवण्यासाठी मी, असे चौघे समितीत आहोत. शिक्षिकांना सारा गाव ‘बाई’ म्हणूनच ओळखतो, म्हणून येथेही तसाच उल्लेख ठेवतो. काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे आणि गेली काही वर्षे त्या नातीकडून वाचून घेतात. आपण या समितीत लाभार्थी म्हणून आलेलो नसून परीक्षक म्हणून आलो आहोत, हे त्यांनी बैठकीच्या सुरुवातीलाच बजावले.

मंडळाने आमच्यापुढे ठेवलेला प्रश्न एका ओळीचा आहे : वाचनालयाने कोणत्या ध्वनिपुस्तक सेवेची वर्गणी भरावी? हा प्रश्न विचारताना वर्तमानपत्र किंवा मासिक डोळ्यांसमोर असावे, असे मला वाटते. वर्गणी भरली की अंक दारात येतो आणि तो कोणीही टेबलावर बसून वाचू शकतो. ध्वनिपुस्तकाचे तसे आहे का, हे आधी तपासावे आणि मगच सेवांची तुलना करावी, असे ग्रंथपालांनी सुचवले व ते मान्य झाले.

ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे ते सभासद एका प्रकारचे नाहीत. नोकरीनिमित्त रोज एसटीने जाणारे आणि स्मार्टफोन सफाईने वापरणारे काही आहेत. साधा बटणांचा फोन असलेले ज्येष्ठ सभासद बरेच आहेत. छापील मजकूर वाचताच येत नाही असे सभासद संख्येने थोडे आहेत, पण त्यांना दुसरा मार्ग नाही. या तिघांना एकाच सेवेने न्याय मिळेल असे आज तरी दिसत नाही.

१९ जून २०२३

बाजारात काय आहे ते पाहिले. मराठी श्रोत्याला सहज सापडणाऱ्या सेवांचे दोन मुख्य प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात ठरावीक वर्गणी भरून वाटेल तेवढे ऐकता येते आणि दुसऱ्यात एकेक पुस्तक विकत घ्यावे लागते.

पहिल्या प्रकारातील आमच्या दृष्टीने महत्त्वाचे नाव स्टोरीटेलचे आहे. ही मूळची स्वीडनमधील कंपनी २०१७ च्या अखेरीस भारतात आली आणि मराठीला तिने आरंभापासून भाषा म्हणून वेगळे स्थान दिले. मराठीतील अनेक चांगले अभिवाचक आणि रंगभूमीवरचे आवाज तिच्या संग्रहात ऐकू येतात. पुस्तक फोनवर उतरवून इंटरनेटशिवायही ऐकता येते, पण ते अ‍ॅपच्या आतच राहते आणि वर्गणी संपली की तेही मिटते. कुकू एफएम याच जातकुळीतील असले तरी तेथे सलग पुस्तकांपेक्षा छोट्या भागांतील कथा आणि पुस्तकांचे सारांश यांवर भर अधिक आहे. सारांश ऐकणाऱ्यांना आमचा विरोध नाही, मात्र वाचनालयाने सारांशासाठी पैसे खर्चावेत हे समितीतील कोणालाच पटले नाही.

ऑडिबल हे दोन्ही प्रकारांच्या मधले आहे. अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झालेली ही कंपनी २००८ मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतली आणि २०१८ मध्ये ती भारतात आली. दरमहा वर्गणीच्या बदल्यात एक क्रेडिट मिळते, त्यातून एक पुस्तक घेता येते आणि पुढे सभासदत्व बंद केले तरी घेतलेली पुस्तके आपल्या खात्यात राहतात. न वापरलेली क्रेडिटे मात्र सभासदत्व बंद करताना बुडतात, ही गोष्ट नव्या ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही. इंग्रजीसाठी हा संग्रह फार मोठा आहे. मराठीची बाजू त्यामानाने लंगडी आहे.

गूगल प्लेवर वर्गणीचा प्रश्नच नाही. पुस्तक निवडावे, नमुना ऐकावा, पैसे भरावेत. तेथील मराठी विभाग चाळताना स्टोरीटेलची प्रकाशन-शाखा असलेल्या स्टोरीसाइडचे नाव वारंवार दिसले, म्हणजे तेच ध्वनिमुद्रण एका दुकानात वर्गणीत आणि दुसऱ्या दुकानात सुटे विकले जाते. वर्षाकाठी तीन-चार पुस्तके ऐकणाऱ्याने सुटी घ्यावीत आणि महिन्याला दोन संपवणाऱ्याने वर्गणी भरावी, हा हिशेब कोणत्याही सभासदाला काउंटरवर उभ्या उभ्या सांगता येईल.

३ जुलै २०२३

आजची बैठक लांबली, कारण सेवांच्या अटी वाचून काढायच्या होत्या. शब्द वेगवेगळे असले तरी सर्वांचे म्हणणे एकच आहे : खाते व्यक्तीचे असते, वापर वैयक्तिक आणि अव्यावसायिक असावा लागतो, ध्वनिमुद्रण इतरांना देता, वाजवून दाखवता किंवा अ‍ॅपबाहेर उतरवून ठेवता येत नाही. वाचनालयाच्या नावाने खाते काढून ते दहा सभासदांना वापरायला दिले तर पहिल्याच दिवशी अटींचा भंग होतो. सहायकाने ‘सगळे असेच करतात’ असे सांगून पाहिले, त्यावर ग्रंथपालांचे उत्तर नोंदवून ठेवण्यासारखे होते : “अहो, सगळे करतात ते घरात करतात. आपल्याला लेखापरीक्षकाला पावती दाखवायची आहे.”

लेखापरीक्षणाचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण खरी गोम तेथेच आहे. वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल नोंदवहीत क्रमांक मिळतो. तारीख, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, बिल क्रमांक असे रकाने भरले जातात आणि पुढे ते पुस्तक फाटले, हरवले किंवा बाद केले तरी त्याची नोंद राहते. ग्रंथपालांनी नोंदवहीचे कोरे पान समोर ठेवले आणि वर्षाची वर्गणी भरली तर या पानावर काय लिहायचे ते सांगा, असे विचारले. लेखकाच्या रकान्यात कोणाचे नाव लिहावे? वर्गणी संपल्यावर बाद केलेल्या पुस्तकांची यादी कोणती द्यावी? हाती काहीच आलेले नसल्याने त्या पानावर लिहिण्यासारखे काही नव्हते.

या पार्श्वभूमीवर कायदा काय म्हणतो तेही पाहिले. भारतीय प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ‘व्यावसायिक भाडे’ या संज्ञेची व्याख्या आली. नफ्यासाठी न चालणाऱ्या ग्रंथालयाने कायदेशीररीत्या मिळवलेली ध्वनिमुद्रणाची प्रत विनानफा उसनी दिली तर ते व्यावसायिक भाडे ठरत नाही, असे त्या व्याख्येत स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे बाजारातून घेतलेली ध्वनिपुस्तकाची सीडी आम्ही पुस्तकाप्रमाणेच घरी देऊ शकतो. परंतु या तरतुदीचा सारा भार ‘प्रत’ या शब्दावर आहे, आणि अ‍ॅपमधील व्यवहारात प्रत मिळत नाही. मिळते ती ऐकण्याची परवानगी, आणि तीही ज्याच्या नावाचे खाते आहे त्यालाच. मंडळाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच मिळाले, असे माझे मत आहे.

परवानगी आणि मालकी यांतील फरक केवळ कागदावरचा नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ च्या एप्रिलमध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि जुलैपासून लोकांनी विकत घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. ग्राहकांना पैसे परत मिळाले हे खरे, पण वाचनालयाने तीस वर्षे जपलेला संग्रह पैसे परत देऊन भरून निघत नाही.

१४ जुलै २०२३

बाईंच्या धाकट्या भावाची मुलगी न्यू जर्सीत राहते. तिच्या फोनवर लिबी नावाचे अ‍ॅप आहे आणि ती तिथल्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डावर ध्वनिपुस्तके फुकट ऐकते, हे बाईंनी मागील बैठकीत सांगितले होते. ‘मग आपल्याकडे का नाही?’ हा त्यांचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता, म्हणून त्या व्यवस्थेची माहिती काढली.

लिबी हे ओव्हरड्राइव्ह या अमेरिकी कंपनीचे अ‍ॅप आहे. ग्रंथालय या कंपनीमार्फत प्रकाशकांकडून परवाने विकत घेते. बहुतेक परवाने ‘एक प्रत, एक वाचक’ या तत्त्वावर असतात, त्यामुळे एकाने पुस्तक नेले की दुसऱ्याला रांगेत थांबावे लागते. फाईलच्या कितीही नकला क्षणात करता येत असूनही कपाटातल्या पुस्तकाची टंचाई येथे मुद्दाम निर्माण केलेली आहे. काही परवान्यांना मुदत असते आणि मुदत संपली की तेच पुस्तक पुन्हा विकत घ्यावे लागते. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये ई-पुस्तकांसाठी २६ वेळा देवघेव झाली की परवाना संपेल, अशी अट घातली तेव्हा तेथील ग्रंथपालांनी मोठा गदारोळ केला होता. मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेने २०१९ च्या नोव्हेंबरात नव्या ई-पुस्तकांच्या ग्रंथालयविक्रीवर मर्यादा आणली आणि पुढच्या मार्चमध्ये ती मागे घेतली. हूप्ला ही दुसरी सेवा रांग लावत नाही. मात्र प्रत्येक देवघेवीमागे ग्रंथालयाला पैसे मोजावे लागतात, म्हणून ग्रंथालये सभासदाला महिन्याला ठरावीकच पुस्तके घेऊ देतात. ऐकणाऱ्याला ही सेवा फुकट वाटते, कारण तिचे बिल दुसरीकडे फुटते.

हे पैसे येतात कोठून, हा पुढचा मुद्दा. तेथील ग्रंथालयांना मुख्यतः स्थानिक कराचे पाठबळ असते. आपल्या १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय-कराची तरतूदच नाही. आमच्यासारखी वाचनालये शासनाच्या परिरक्षण अनुदानावर, वर्गणीवर आणि देणग्यांवर चालतात. शिवाय परवाना विकायला मराठी प्रकाशक आणि मध्यस्थ दोघेही हवेत. एका तालुक्याच्या वाचनालयाने लिबीसारखी सोय उभी करणे आवाक्याबाहेरचे आहे. ते राज्य पातळीवर व्हायचे काम आहे. भाचीच्या कार्डावर बाईंनी ऐकावे अशीही सूचना आली, परंतु ते कार्ड त्या गावच्या रहिवाशासाठी असते. बाईंनीच ती सूचना मोडीत काढली : “दुसऱ्याच्या वाचनालयाचं कार्ड मी इथे कधी चालू दिलं नाही, आता मीच वापरू?”

२४ जुलै २०२३

अधिक श्रावण सुरू झाल्याने काउंटरवर पोथ्यांची मागणी वाढली आहे आणि ‘पोथी ऐकायला मिळेल का’ ही विचारणाही बरीच झाली. त्यासाठी सेवेची गरज नाही. यूट्यूबवर हे पठण विपुल आहे. या निमित्ताने एक लक्षात आले की आमच्या ज्येष्ठ सभासदांना ‘ध्वनिपुस्तक’ ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. संध्याकाळी देवळात एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे ही रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे.

९ ऑगस्ट २०२३

आज बाईंनी अ‍ॅपांची परीक्षा घेतली. अँड्रॉइड फोनवरील टॉकबॅक ही सोय सुरू केली की पडद्यावर बोट फिरेल तेथे काय आहे ते फोन बोलून सांगतो आणि दोनदा टिचकी मारली की ते बटण दाबले जाते. अट एवढीच की अ‍ॅप तयार करणाऱ्याने प्रत्येक बटणाला नाव दिलेले असावे.

ज्या सेवा पाहिल्या त्यांपैकी एकीत नेमका हाच घोळ आढळला. पुस्तक सुरू करण्याचे बटण, दहा-पंधरा सेकंद मागे जाण्याचे, वेग बदलण्याचे आणि झोपण्याची वेळ लावण्याचे, या सर्वांवर फोन केवळ ‘बटण’, ‘बटण’, ‘बटण’ असे म्हणत राहिला. बाई शांतपणे एकेक दाबून पाहत होत्या. तिसऱ्या बटणाला पुस्तक थांबले आणि चौथ्याला थेट पुढच्या प्रकरणावर गेले. दुसऱ्या सेवेत बटणे नीट बोलत होती, पण मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत लिहिलेली असल्याने फोनचा इंग्रजी आवाज त्यांचा असा काही उच्चार करी की लेखकाचे नाव ओळखायला कोडे सोडवावे लागे. तिसरी सेवा बाईंना वापरता आली. तीतही खाते काढताना येणारा पासवर्ड आणि पैसे भरण्याची पायरी दुसऱ्याच्या मदतीशिवाय पार पडली नाही.

बाईंचा अभिप्राय त्यांच्याच शब्दांत : “वाचणारा चांगला आहे. पण मला पुस्तकाच्या आत शिरताना दर वेळी कोणाचा तरी हात धरावा लागतोय. मग नातीचं वाचन काय वाईट होतं?”

संगणकी आवाजाने ई-पुस्तक वाचून घेण्याचा प्रयोगही केला. अँड्रॉइडवर मराठी संगणकी आवाज उपलब्ध आहे आणि बातमी किंवा पत्र ऐकण्यापुरता तो बरा आहे. ललित साहित्यात मात्र तो उघडा पडतो. दंततालव्य च आणि ज कोठे आणि तालव्य कोठे, याचा त्याला नेम नाही, आणि संवादांत कोण कोणाशी बोलत आहे हे आवाजावरून कळत नाही. ज्याला दुसरा पर्यायच नाही त्याने तो जरूर वापरावा, पण वाचनालयाने ध्वनिपुस्तक म्हणून तो पुढे करू नये, असे ठरले.

२२ ऑगस्ट २०२३

छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या सभासदांसाठी वेगळी वाट आहे आणि ती वरील सर्व सेवांहून भक्कम आहे. प्रताधिकार कायद्यातील कलम ५२(१)(झेडबी) प्रमाणे अशा व्यक्तींसाठी कोणत्याही साहित्यकृतीची सुलभ स्वरूपातील प्रत, म्हणजे ब्रेल, ध्वनी किंवा योग्य ई-प्रत, परवानगी न मागता तयार करता येते. या कामासाठी विनानफा काम करणाऱ्या संस्थेवर ती प्रत इतर वाचकांच्या व्यवहारात जाऊ न देण्याची जबाबदारी असते. अशा सुलभ प्रतींसाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, हे समितीतील कोणालाही माहीत नव्हते.

या तरतुदीचे व्यवहारातील फळ म्हणजे सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय. केंद्र शासनाचा दिव्यांगजन सक्षमीकरण विभाग, डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी मिळून ऑगस्ट २०१६ मध्ये ते सुरू केले. फोरमच्या सदस्य संस्थांनी तयार केलेली पुस्तके तेथे एका ठिकाणी सापडतात. डेझी या स्वरूपातील पुस्तक म्हणजे केवळ ध्वनिफीत नसते. त्यात प्रकरणे, उपप्रकरणे आणि पृष्ठे यांवर उडी मारून जाता येते, त्यामुळे अभ्यासाच्या पुस्तकात अमुक पानावरचा परिच्छेद पुन्हा ऐकणे शक्य होते. साध्या ध्वनिफायलीत त्यासाठी अंदाजाने मागेपुढे करावे लागते, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आमच्या एका अंध सभासदाची तक्रार नेमकी हीच होती.

नावनोंदणी फोरमच्या सदस्य संस्थेमार्फत होते आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. आमच्या वाचनालयाने येथे करण्याजोगे काम म्हणजे सभासदांचे कागद गोळा करणे, अर्ज भरून देणे आणि पुस्तक फोनवर उतरवून कसे ऐकायचे ते शिकवणे. पैसे जवळजवळ लागत नाहीत, पण माणसाचा वेळ बराच लागतो. सहायकाने गुरुवारची दुपार या कामासाठी राखून ठेवण्याची तयारी दाखवली आहे.

११ सप्टेंबर २०२३

उरला प्रश्न साधा फोन वापरणाऱ्या ज्येष्ठांचा. त्यांना अ‍ॅप नको, पासवर्ड नको, दरमहा कापली जाणारी रक्कम तर नकोच. एका सभासदाच्या खात्यातून चाचणीची मुदत संपल्यावर परस्पर वर्गणी जाऊ लागली होती आणि ती कशाची हे त्यांना पासबुक भरून आणेपर्यंत कळले नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अशा आवर्ती कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. सूचना गेलीही असेल, परंतु ती इंग्रजीतील संदेशांच्या ढिगात होती. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ या विभागात जाऊन अशी संमती रद्द करता येते, हे काउंटरजवळच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावण्याचे ठरले.

या सभासदांना हवे आहे ते इतकेच : पुस्तकासारखे घरी न्यावे, खाचेत घालावे, ऐकावे, परत आणावे. बाजारात मेमरी कार्ड व पेनड्राइव्ह चालणारे छोटे रेडिओ-प्लेअर स्वस्तात मिळतात. साध्या ६४ केबीपीएस दर्जाच्या एमपीथ्री फायलीला तासाला सुमारे २९ एमबी जागा लागते, म्हणजे दहा तासांचे पुस्तक ३०० एमबीच्या आत बसते आणि सर्वांत लहान कार्डावरही अनेक पुस्तके मावतात. तांत्रिक अडचण अशी नाहीच.

अडचण कार्डावर काय भरावे याची आहे. आमच्या कपाटात मराठी ध्वनिपुस्तकांच्या काही जुन्या सीडी आहेत. त्या उसन्या देण्याचा अधिकार आम्हाला आहे, पण त्यांतील फायली कार्डावर उतरवणे म्हणजे नवी प्रत करणे, आणि तो अधिकार सर्वसाधारण सभासदांसाठी आम्हाला नाही. सीडी वाजवायचे यंत्र आता फारच थोड्या घरांत उरले आहे. कायद्याने जी वस्तू देता येते ती चालत नाही आणि जी चालते ती देता येत नाही, अशी ही कोंडी आहे. सीडी वाजवणारे एक-दोन यंत्र विकत घेऊन तेही सीडीबरोबर उसने द्यावे, ही सूचना बाईंची. ती किफायतशीर आहे आणि मान्य झाली.

दुसरा मार्ग स्वतःचे ध्वनिमुद्रण करण्याचा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार चालतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणून त्यांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी मोकळे आहे. हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी हे दोघेही १९१९ मध्ये गेले, त्यांच्याबाबत प्रश्नच नाही. असे साहित्य आम्ही वाचून मुद्रित केले तर त्या ध्वनिमुद्रणाचा अधिकार वाचनालयाकडे राहील आणि ते कोणाला कसे द्यायचे हे आम्हीच ठरवू. मात्र आजच्या प्रकाशकाच्या आवृत्तीतील प्रस्तावना, टिपा व चित्रे नवी असतात. ती वाचायची नाहीत. आमच्या संदर्भ विभागातील जुन्या आवृत्त्या यासाठी प्रथमच उपयोगी पडणार आहेत. जगभर हेच काम लिब्रीवॉक्सचे स्वयंसेवक २००५ पासून करत आहेत, त्यामुळे कार्यपद्धती नव्याने शोधण्याची गरज नाही.

४ ऑक्टोबर २०२३

गणेशोत्सवात ध्वनिक्षेपकांपुढे इलाज नव्हता, त्यामुळे मुद्रणाची पहिली चाचणी आज झाली. जागा म्हणून जुन्या अंकांची खोली निवडली, कारण बांधीव खंडांच्या भिंतीमुळे तेथे आवाज घुमत नाही. यूएसबी मायक्रोफोन एका सभासदाकडून मागून आणला; मुद्रणासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर वापरले. पंखा बंद ठेवावा लागतो आणि खोलीत उकाडा होतो, त्यामुळे वाचकाला वीस-पंचवीस मिनिटांनी उठावेच लागते.

वाचनासाठी गावातील हौशी नाट्यसंस्थेचे दोघे आले होते. एकाचा आवाज उत्तम, पण प्रत्येक वाक्य प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याची सवय जाईना. बाईंनी डोळे मिटून दहा मिनिटे ऐकले आणि म्हणाल्या, “तुम्ही मला सांगताय, वाचत नाही आहात. पुस्तक माझ्या आणि लेखकाच्या मध्ये आहे, तुम्ही जरा बाजूला सरा.” त्यानंतरचे पान चांगले उतरले. लिब्रीवॉक्सच्या पद्धतीप्रमाणे मूळ फाईल १२८ केबीपीएसची, एकाच वाहिनीची ठेवायची, प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल करायची आणि सुरुवातीला ग्रंथाचे नाव, लेखक, आवृत्तीचे वर्ष, वाचक व वाचनालयाचे नाव बोलायचे, असे ठरले. कार्डासाठी त्याच फायली ६४ केबीपीएसमध्ये उतरवता येतात.

मुद्रित शोधनासारखेच येथेही श्रवणशोधन लागते. दुसऱ्या माणसाने पुस्तक हातात धरून सारे ऐकायचे आणि गाळलेल्या ओळी, चुकलेले शब्द, मध्येच आलेला स्कूटरचा आवाज यांच्या वेळा टिपायच्या. या कामाला कंटाळा फार येतो आणि ते टाळले तर सारे मुद्रण कमअस्सल होते. त्यासाठी दोन निवृत्त सभासदांनी नावे दिली आहेत.

३० ऑक्टोबर २०२३

अहवाल मंडळापुढे ठेवला. वाचनालयाने कोणत्याही ध्वनिपुस्तक सेवेची वर्गणी संस्थेच्या नावाने भरू नये, अशी शिफारस आहे. एका सदस्याने विचारले की इतके महिने घालवून उत्तर नकारार्थीच आहे का. त्यांना पुढील तपशील वाचून दाखवला.

स्मार्टफोन असलेल्या सभासदांना वैयक्तिक खात्यासाठी काउंटरवर मार्गदर्शन मिळेल. मराठी भरपूर ऐकणाऱ्याला स्टोरीटेल, इंग्रजी ऐकणाऱ्याला आणि पुस्तके खात्यात राहावीत असे वाटणाऱ्याला ऑडिबल, क्वचित ऐकणाऱ्याला गूगल प्लेवर सुटी खरेदी, असा आमचा कल राहील; आधी मोफत नमुना ऐकावा आणि वर्षाची वर्गणी एकदम भरू नये, हेही सांगितले जाईल. दृष्टिबाधित सभासदांची सुगम्य पुस्तकालयासाठी नोंदणी गुरुवारी होईल. सीडी आणि त्या वाजवणारे यंत्र उसने दिले जाईल. प्रताधिकारमुक्त ग्रंथांचे मुद्रण चालू राहील, आणि गावातील दोन लेखकांनी आपल्या पुस्तकांसाठी लेखी संमती दिलेली असल्याने तीही यादीत येतील. संमतिपत्रात मुद्रणाचा उद्देश, देवघेवीची पद्धत आणि संमती मागे घेण्याची मुदत स्पष्ट लिहिली आहे.

मंडळाने शिफारशी मान्य केल्या व वर्गणीसाठी धरलेली रक्कम मायक्रोफोन, दोन सीडी-यंत्रे, मेमरी कार्डे आणि छोटे प्लेअर यांकडे वळवली. यंत्रे जडसंग्रह नोंदवहीत जातील. स्वतः केलेल्या प्रत्येक ध्वनिपुस्तकाला दाखल नोंदवहीत क्रमांक मिळेल; ‘पृष्ठे’ या रकान्यात एकूण तास व मिनिटे लिहावीत आणि किमतीच्या रकान्यात काय लिहावे हे लेखापरीक्षकांना विचारून ठरवावे, असे ग्रंथपालांनी सुचवले. प्लेअरसाठी वेगळी अनामत घ्यावी की नाही यावर एकमत झाले नाही. तो विषय दिवाळीनंतरच्या सभेत घेतला जाईल.